झाडं लावूया, पण हिशेब मिटवायला नको

सांबऱ्यात आमच्या घरावरून विमान गेलं की आजी अजूनही हातातलं काम थांबवून वर बघते. मीही बघते, पण हल्ली डोक्यात हिशेब सुरू होतो. विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आणि आपल्यातले काही जण म्हणतात, मियावाकी पद्धतीचं छोटं जंगल लावलं की असल्या धुराचं देणं फिटेल.

नाही फिटत. विमान धूर आज सोडतं, झाड तो वर्षानुवर्षं थोडा थोडा शोषतं. मधेच ते वाळलं किंवा रस्तारुंदीत गेलं, तर साठवलेला कार्बन परत हवेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीबद्दल सावध केलंय: त्यातून नवी सट्टेबाजी सुरू होईल आणि काहींची उधळपट्टी तशीच चालू राहील.

मग जंगल लावूच नये काय? लावूया की! पण पाखरांसाठी, सावलीसाठी, मातीसाठी. जपानी शास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचं म्हणणं नुसतं दाटीवाटीने झाडं लावा, एवढंच नव्हतं. माणसाचा हात लागला नसता तर या जागी काय उगवलं असतं, ते आधी शोधा, असं ते सांगायचे. त्यासाठी ते तिथल्या देवळांभोवतीच्या जुन्या राया बघत. आपल्याकडे देवराया आहेतच. खानापूरच्या पावसातलं झाड सांबऱ्याच्या काळ्या रानात आणलं, तर ते देशी असूनही इथलं नसतं. इथे पळस, बाभूळ, बोर, नाल्याकाठी करंज. (गुलमोहर नको. कवितेत कितीही शोभला तरी तो मादागास्करचा!)

जागाही बघायला हवी. धावपट्टीला चिकटून पाखरांना बोलावणं त्यांना आणि विमानालाही धोक्याचं. त्यापेक्षा शाळेचं आवार किंवा आमच्या दफनभूमीची कड बरी.

मागच्या जुलैत आम्ही काही मैत्रिणींनी रोपं लावली, फोटोही टाकले. मे महिन्यात जाऊन बघितलं तर नुसत्या जाळ्या उभ्या. चूक आमचीच, पाणी कोण घालणार हे ठरलंच नव्हतं. मियावाकीत तर एका चौरस मीटरला तीन-चार रोपं, आणि दोन-तीन वर्षं पाणी घालणं, तण काढणं आलंच. तेव्हा मंडळाच्या पुढच्या बैठकीत आधी उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या ठरवूया. परीक्षेच्या दिवसांतले शनिवार माझ्या नावावर लिहा.