चढणीवरची अदब



दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन जंगलात जायचे, असे आम्ही उन्हाळ्यापासून घोकत होतो. आधी बेत नवेगावबांधचा होता. तिथले राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचे आणि २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. पण वाघाच्या जंगलात पायी भटकता येत नाही, जिप्सीत बसूनच फिरावे लागते. हे कळल्यावर दहा वर्षांची थोरली म्हणाली, "म्हणजे जंगलात जाऊनपण बसूनच राहायचं?" वर्गात दिवसभर बसणाऱ्या मुलांचे हे गाऱ्हाणे आम्हाला पटले.

मग कचारगड ठरले. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या डोंगरातल्या या नैसर्गिक गुहा. मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर गोंदियाच्या पुढे सालेकसा आणि त्यानंतर दरेकसा स्थानक लागते. तिथून धनेगाव गाठायचे आणि पुढे पायवाटेने चढायचे. गोंड समाजाचे हे फार मोठे श्रद्धास्थान आहे. माघ पौर्णिमेच्या सुमारास इथे कोयापुनेम यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लोक येतात. आम्ही गेलो तेव्हा यात्रा नव्हती, वाटेवर तुरळक माणसे होती.

निघण्यापूर्वी सहा वर्षांच्या धाकट्याने विचारले, "ती त्यांची जागा आहे ना? मग आपण गेलेलं चालेल?" आम्ही सांगितले, पाहुणा होऊन गेले तर चालते. जमिनीवर फिरा आणि पाहा, अशी ताकीद कुरआनात पुन्हा पुन्हा आली आहे. आणि दुसऱ्यांच्या आराध्यांना वाईट बोलू नका, हेही सूरह अल-अनआममध्ये स्पष्ट बजावले आहे. फिरायचे तर दोन्ही गोष्टी बरोबर घेऊन.

चढण सुरू झाली तेव्हा एक नियम केला. नमाज पढवताना इमामाने जमातीतल्या अशक्त माणसाचा विचार करावा, ही प्यारे नबी (स.) यांची शिकवण. म्हणून चालताना सगळ्यांत पुढे धाकटा. तो थांबला की सगळे थांबणार. त्यामुळे वेळ दुप्पट लागला, पण रडारड झाली नाही. तो मुंग्यांची रांग पाहायला बसला, मोहाचे पान टोपीसारखे डोक्यावर ठेवून पाहिले, आणि आम्हालाही दम खायला सबब मिळाली.

गुहेपाशी सप्तरंगी झेंडे दिसले. देवस्थानाजवळ लोक चपला काढत होते, आम्हीही काढल्या. "मस्जिदीसारखंच," थोरली हळूच म्हणाली. आत थंडावा होता. डोळे अंधाराला सरावेपर्यंत आम्ही तिला गारे-हिराविषयी सांगत राहिलो. तेवढ्या दोन मिनिटांत धाकटा हातून निसटला.

पाहतो तर तो कातळासमोर उभा. हातात टोकदार खडा. नाव लिहायला नुकताच शिकलेला. पहिले अक्षर कोरून झाले होते, दुसऱ्याला सुरुवात होती. आम्ही धावत जाऊन त्याचा हात धरला. मागे वळलो तर एक वयस्क गोंड बाबा आमच्याकडे पाहत उभे.

खरे सांगायचे तर त्या क्षणी मनात पहिल्यांदा आली ती भीती. हे नाव पूर्ण झाले असते, तर वाचणाऱ्याने काय म्हटले असते? सहा वर्षांच्या पोराचा खोडसाळपणा म्हणून सोडून दिले असते, की नाव पाहून अख्ख्या कौमचा हिशेब मांडला असता? हल्ली आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ही भीती वस्तीला असते. पण लगेच तिची लाजही वाटली. पकडले जाऊ म्हणून नव्हे, ती भिंत कुणाला तरी प्राणापलीकडे प्यारी आहे म्हणून तिच्यावर खडा चालवायचा नसतो. आपल्या मस्जिदीच्या मेहराबीवर कुणी असे कोरले तर? आम्ही मुलाला नेमके हेच सांगायला हवे होते, आणि ते गुहेत शिरण्याआधी.

"बाबा, माफ करा. चूक आमची आहे," आम्ही म्हणालो. धाकट्यानेही मान खाली घालून माफी मागितली.

बाबांनी ओरखड्यावर हात फिरवून पाहिला. "लेकरू आहे जी," एवढेच म्हणाले. मग मुलांना जवळ बसवून त्यांनी या जागेची कहाणी सांगितली. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी माता काली कंकालीची मुले या गुहेत कोंडली गेली होती आणि तोंडावर मोठी शिळा होती. हिरासुका नावाच्या वादकाच्या संगीताने मुलांच्या अंगात बळ आले, सर्वांनी जोर लावला, शिळा सरकली. मुले सुटली, पण हिरासुका त्या शिळेखाली गेला. पुढे पारी कुपार लिंगो यांनी त्या मुलांना शिकवून समाजाची घडी बसवली. लिंगो यांना गोंड समाज आपला धर्मगुरू मानतो.

धाकटा कितीतरी वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "तो वाजवणारा मेला?" बाबांनी मान हलवली. धाकट्याने मुठीतला खडा जमिनीवर ठेवला.

निघताना बाबा "जय सेवा" म्हणाले, आम्ही हात कपाळाला लावून सलाम केला. जोहरची वेळ झाली होती. गुहेच्या आवारात नमाज पढणे आम्ही टाळले. पायथ्याला उतरून एका घरी विचारले, तर तिथल्या मावशींनी अंगणाची जागा दाखवली आणि वुजूसाठी बादलीभर पाणी आणून ठेवले. मुसाफिर असल्याने कसर नमाज अदा केली.

लहान मुलांसह जाणाऱ्यांसाठी थोडे. पावसाळ्यात वाट निसरडी असते, हिवाळा उत्तम. पकडीचे बूट, अंगभर कपडे, माणशी दोन बाटल्या पाणी आणि टॉर्च हवाच. अत्तर घरी ठेवा. कड्याकपारीत मधमाश्यांची पोळी असू शकतात आणि उग्र वासाने माश्या बिथरतात. कचरा पिशवीत परत आणा. उन्हे कलण्याआधी खाली या. आणि कुणाच्याही श्रद्धास्थानी जाण्यापूर्वी मुलांशी घरीच बोला. आम्ही पाण्याच्या बाटल्या तीनदा मोजल्या, हे बोलणे मात्र अर्धेच केले होते.

परतीच्या गाडीत धाकट्याने वहीत नाव लिहिले, संपूर्ण. खाली डोंगर काढला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी बाबांना हे दाखवायचं." इन्शाअल्लाह, दाखवू.