करवत माशाच्या दफ्तराविषयी

मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ, नागपूर यांस,



समुद्राचा वाराही न लागणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील रहिवाशाने करवत माशाची वकिली करावी, हे आपणांस विचित्र वाटेल. परंतु कोकण किनाऱ्याच्या जीवसृष्टीचा कारभार पाहणारी आपली कचेरी आमच्या शेजारीच असल्यामुळे हा अर्ज करण्याचे धाडस करीत आहे.

आधी तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण : मेक्सिकोतील ॲक्सोलॉटल नामक सॅलमँडर, जो आजन्म बाह्य कल्ले धारण करतो व ज्याचा तुटलेला पायही पुन्हा उगवतो, तो राजधानीतील सोचिमिल्कोच्या कालव्यांखेरीज निसर्गतः अन्यत्र उरलेला नाही. 1998 मध्ये तेथे दर चौरस किलोमीटरला सुमारे 6000 असलेली त्याची संख्या 2014 मध्ये 36 वर आली. या ऱ्हासास सांडपाण्याबरोबरच बाहेरून आणून सोडलेली कार्प आणि आमच्या विदर्भातील तळ्यांतही सुखेनैव नांदणारी चिलापी कारणीभूत झाली. तथापि त्याचा मुक्काम ठाऊक असल्यामुळेच ही गणना शक्य झाली, शास्त्रज्ञांना व शेतकऱ्यांना कालव्यांत त्याच्यासाठी आसरे उभारता आले, आणि 2021 साली तो 50 पेसोंच्या नोटेवरही विराजमान झाला. (नोटेवर चित्र छापल्याने पाणी निर्मळ होत नाही, हा भाग निराळा.)

करवत मासा, जो दिसण्यात मुशीसारखा असला तरी पाकटाच्या कुळातला आहे, त्याच्या नशिबी असा मुक्काम नाही. खाड्या, नदीमुखे आणि उथळ समुद्र अशा विस्तीर्ण मुलखात हिंडणाऱ्या या प्राण्याची दंतुर करवत जाळ्यात गुंतते, आणि त्याची वीण मंद असल्यामुळे झालेली तूट भरून निघत नाही. 2001 सालीच त्यास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. परंतु 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या आमच्या बोरच्या जंगलात जशी चौकी बसते, तशी ती समुद्रात कोठे बसवावी? आंबोलीच्या हिरण्यकेशीस 2021 मध्ये एका इवल्याशा माशापायी जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, ही गोष्ट स्तुत्यच. तो उपाय मात्र ठावठिकाणा असलेल्यांचा आहे.

सबब विनंती अशी की, किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत वृद्ध कोळ्यांच्या व गाबितांच्या जबान्या घेतल्या जाव्यात : करवत मासा शेवटचा केव्हा, कोठे, कोणत्या जाळ्यात पाहिला. घरात जुनी करवत असल्याचे सांगणाऱ्यास खटल्याची धास्ती राहू नये, अशी लेखी हमीही द्यावी. अन्यथा कोणीही तोंड उघडणार नाही. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ही मंडळी घरी सापडतात. येत्या बंदीपूर्वी तसा हुकूम निघावा.



आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक रहिवासी