काढायचं तर पूर्ण काढा

कॉम्प्युटरवरून एखादं सॉफ्टवेअर काढलं की त्याचं सगळं गेलं, असं लोक धरून चालतात. त्यांनी तसं का धरू नये? काढण्याचं बटण दाबलंय, तर निघायलाच हवं. प्रत्यक्षात मात्र बरंच काही मागे राहतं आणि त्याची कल्पनाही कोणी देत नाही.

सांगलीत मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हळद-बेदाण्याचे व्यापारी, शिक्षक, कर सल्लागार हे माझं गिऱ्हाईक. १२८ जीबीच्या एसएसडीचा लॅपटॉप, सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, आणि तक्रार ठरलेली : ‘नको ते सगळं काढलं, तरी जागा होईना.’ मी लपवलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू करतो आणि ‘ॲपडेटा’ फोल्डर उघडतो. केव्हाच काढलेले गेम, व्हिडिओ एडिटर, मीटिंगची ॲप्स, सगळ्यांची फोल्डरं तिथे असतात.

विंडोजवर अनइन्स्टॉल दाबलं की बहुतेक वेळा त्या सॉफ्टवेअरचाच अनइन्स्टॉलर चालतो. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे बनवणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. काही गोष्टी ठेवायलाच हव्यात. हिशेबाचं सॉफ्टवेअर काढल्यावर व्यापाऱ्याचे हिशेब पुसले गेले तर अनर्थ होईल. पण काय ठेवायचं, हे मालकाला विचारून ठरायला हवं.

प्रश्न फक्त जागेचा नाही. विंडोजवर क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही पुसायचा का’ अशी एक छोटी चौकट येते. तिथे टिक केली नाही, तर हिस्टरी आणि साठवलेले पासवर्ड डिस्कवरच राहतात. जुना कॉम्प्युटर विकणारा माणूस ब्राउझर काढून निर्धास्त होतो, तो इथेच फसतो. विकण्याआधी आपल्या फायलींची प्रत काढून घ्या आणि ‘सर्व काही काढा’ हा पर्याय निवडून विंडोज रिसेट करा.

हे टाळता येत नाही असं कोणी सांगितलं, तर मला ते पटत नाही. अँड्रॉइड फोनवर ॲप काढलं की त्याचं खासगी फोल्डर सिस्टिम स्वतः पुसते. डेबियन आणि उबंटू लिनक्समध्ये ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ असे दोन वेगळे आदेश आहेत. पहिल्यानं सॉफ्टवेअर जातं, दुसऱ्यानं त्याच्या सिस्टिममधल्या सेटिंगच्या फायलीही जातात. युजरच्या होम फोल्डरमधलं तिथेही राहतं, पण निदान निवड तरी आपल्या हातात असते.

विंडोजवर ही निवड सहसा मिळत नाही म्हणूनच ‘क्लीनर’ सॉफ्टवेअरचा धंदा चालतो. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय क्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला आणि तो वीस लाखांहून अधिक कॉम्प्युटरवर पोचला. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. रजिस्ट्रीतल्या उरलेल्या नोंदी जागा फारच थोडी खातात. एक चुकीची नोंद पुसली, तर विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून रजिस्ट्रीला हात लावू नका. ॲपडेटामध्ये काढलेल्या सॉफ्टवेअरचं फोल्डर नावानिशी ओळखता आलं, तरच ते रिसायकल बिनमध्ये टाका. आठवडाभर सगळं सुरळीत चाललं, की मग बिन रिकामा करा. नाव ओळखीचं नसेल तर तसंच राहू द्या.

पण ही हमाली गिऱ्हाइकानं का करावी? अनइन्स्टॉलच्या पडद्यावर काय उरणार, कुठे उरणार आणि किती एमबी उरणार हे स्पष्ट दिसावं, आणि खाली दोन बटणं असावीत : ‘माझा डेटा ठेवा’ आणि ‘सगळं पुसा’. शाळा, बँका आणि सरकारी कार्यालयं सॉफ्टवेअरची मोठी खरेदी करतात. ही अट त्यांनी निविदेत घातली, तर कंपन्यांना ऐकावंच लागेल.