आधी कडी दाखवा

झोपाळा दिसला की काही माणसं सरळ जाऊन त्यावर बसतात. काही माणसं बसण्याआधी वर बघतात. वर म्हणजे तुळईकडे, तुळईतल्या कडीकडे, आणि कडीत अडकवलेला आकडा किती झिजलाय तिकडे. बसणाऱ्यांना या बघणाऱ्यांचा भयंकर राग येतो. "अहो, झोपाळा आहे तो, खरेदीखत नव्हे. बसा की!" असं ते म्हणतात. मी बघणाऱ्यांच्या बाजूनं भांडायला उभा आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना नुसतंच बसायचं असेल त्यांनी खुशाल पुढच्या लेखावर जाऊन बसावं.

भांडणाचं निमित्त मात्र साता समुद्रापलीकडचं आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑर्लँडो नावाचं गाव आहे. आमच्या ओळखीतल्या निम्म्या आजी-आजोबांनी ते पाहिलेलं आहे. मुलगा अमेरिकेत असला की नायगारा, आणि नातवंडं झाली की ऑर्लँडो, असा तो क्रमच आहे. तिथल्या डिस्नेच्या एका थीम पार्कात नवा रोलर कोस्टर बांधणार असल्याचं कंपनीनं २०२४ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं. २००१ साली 'मॉन्स्टर्स, इन्कॉर्पोरेटेड' नावाचा एक कार्टूनपट आला होता. त्यातल्या राक्षसांच्या कारखान्यात लहान मुलांच्या खोल्यांची हजारो दारं छताखालच्या रुळांना टांगलेली असतात आणि धोब्याच्या दोरीवरच्या कपड्यांसारखी इकडून तिकडे पळत असतात. त्या दारांवरून हा कोस्टर. म्हणजे रूळ वर, माणसं खाली लोंबकळणार. डिस्नेच्या कुठल्याही पार्कातला हा पहिलाच टांगता कोस्टर, एवढं सांगून कंपनी गप्प बसली.

कंपनी गप्प बसली की बघणारी जमात बोलू लागते. पाया किती खोल खणलाय, लोखंडी खांब कुठल्या कोनात उभे आहेत, यावरून आत कुठलं यंत्र बसणार याचा तर्क चालू होतो. विमानातून काढलेले बांधकामाचे फोटो भिंग लावून पाहिले जातात. आमचा एक भाचा तिकडे असतो, तो या जमातीतला. "मामा, सगळा प्रश्न एकच आहे. दार झुलणार की नाही झुलणार?" असं त्यानं मला फोनवर सांगितलं. रात्रीचा एक वाजला होता. माझ्याकडे.

हे मी आमच्या मेहुण्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "भाऊजी, रिकामटेकडे आहेत झालं. झुलेल तर झुलेल! तिकीट काढावं, बसावं, ओरडावं, उतरावं. गंमत घ्यायची सोडून यंत्र काय उचकटायचं?"

मेहुणे हे एका माणसाचं नाव नाही, ती एक विचारसरणी आहे. आणि ती अत्यंत घातक आहे, असं माझं मत आहे.

कारण दार झुलणार की नाही, हा प्रश्न रिकामटेकडा नाही. त्याच्यापायी एक अख्खा कोस्टर मोडीत गेलेला आहे. १९८१ साली ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड या पार्कात 'द बॅट', म्हणजे वटवाघूळ, नावाचा टांगता कोस्टर सुरू झाला. डबे रुळाखाली टांगलेले आणि मोकळे झुलणारे. कल्पना झकास होती. पण वळणावर रूळ जेवढा कलता हवा तेवढा कलता केलेला नव्हता. आता पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवण्याचा खेळ आपण सगळ्यांनी लहानपणी केलेला आहे. बादली बाहेर ओढते तेव्हा आपला हात आणि खांदा त्या ओढीच्या दिशेनं आपोआप कलतो. न कलता ताठ उभं राहून फिरवा, मग खांदा काय म्हणतो ते बघा. त्या वटवाघळाच्या रुळाचं आणि खांबांचं तेच झालं. दुरुस्त्या करता करता कंपनी टेकीला आली आणि १९८३ च्या हंगामानंतर तो बंदच झाला. पुढं १९९२ मध्ये इलिनॉयमधल्या एका पार्कात स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार या जोडीनं 'बॅटमॅन'च्या नावानं दुसराच प्रकार आणला. खुर्च्या रुळाखालीच, पाय अधांतरी, पण झुलणं बंद! खुर्ची चाकांच्या गाड्याला पक्की जखडलेली. त्यामुळं तो कोस्टर माणसांना चक्क उलटंपालटं करू शकला. एक वटवाघूळ झुललं आणि गेलं, दुसरं ताठ राहिलं आणि त्याची जगभर पिलावळ झाली. तेव्हा दार झुलणार का, असं विचारणारा आमचा भाचा रिकामटेकडा नाही. इतिहासाचा अभ्यासक आहे. (हे त्याच्या आईला पटत नाही, ते सोडा.)

मेहुण्यांचा दुसरा मुद्दा जरा तगडा आहे. ते म्हणतात, जादूगाराची युक्ती कळली की जादू मेली. ऐकायला हे इतकं खरं वाटतं की कुणी तपासूनच बघत नाही. आपण तपासू.

डिस्नेचीच एक भुताची हवेली आहे. कॅलिफोर्नियात १९६९ साली उघडली, फ्लोरिडात १९७१ साली. तिथं एका दालनात पारदर्शक भुतं नाचताना दिसतात. ही युक्ती डिस्नेची नव्हेच. लंडनच्या रंगभूमीवर १८६२ साली पेपर नावाच्या प्राध्यापकानं ती गाजवली, म्हणून तिचं नाव पेपरचं भूत. मोठी काच तिरकी उभी करायची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी खरं माणूस उजेडात ठेवायचं, म्हणजे काचेतलं प्रतिबिंब पलीकडच्या अंधारात तरंगतं. खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की हे भूत तुम्हीही पाहिलेलं आहे. बाहेर काळोख, आत दिवा, आणि खिडकीच्या काचेपलीकडे डोंगराच्या पोटात समोरच्या बाकावरच्या काकू पुरीभाजीचा डबा उघडत अधांतरी बसलेल्या. हे प्रतिबिंब आहे, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आपण बघायचं सोडतो? उलट बोगदा संपला की वाईट वाटतं.

त्याच हवेलीत शिरताना एक खोली आहे, तिच्या भिंती उंच होत जातात. कॅलिफोर्नियात ती खोली म्हणजे चक्क लिफ्ट आहे. मुख्य इमारत पार्काभोवतीच्या रेल्वेच्या पलीकडे बांधलेली, तेव्हा लोकांना रुळाखालून न्यायचं तर आधी खाली उतरवणं भाग होतं. फ्लोरिडात ती अडचण नव्हती, म्हणून तिथं जमीन जागेवर राहते आणि छतच वर जातं. भीती तीच, यंत्र उलटं! ज्याला हे ठाऊक आहे त्याला एका तिकिटात भीतीही मिळाली आणि गंमतही मिळाली. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसतीच भीती. आता तोट्यात कोण राहिलं ते मेहुण्यांनी सांगावं.

आणि गुपित गुपित म्हणून जे मिरवतात, तेही मोठं मजेशीर प्रकरण आहे. आपली युक्ती दुसऱ्यानं चोरू नये म्हणून कंपन्या पेटंट घेतात, आणि पेटंट घ्यायचं म्हणजे ती युक्ती आकृत्यांसह सरकारी दप्तरात जगजाहीर करायची! बघणारी जमात तेवढं दप्तर उघडून वाचते. याला चोंबडेपणा म्हणत असाल तर गॅझेट वाचणं हाही चोंबडेपणाच.

शिवाय आतला माणूस तरी काय वेगळं करतो? २००१ साली कॅलिफोर्नियात 'सोअरिन'' नावाचं आकर्षण सुरू झालं. प्रचंड पडद्यापुढं माणसं पक्ष्यासारखी तरंगतात. सुरुवातीच्या आराखड्यात लोकांना वेगवेगळ्या मजल्यांवरून खुर्च्यांत बसवावं लागत होतं, खर्च आवाक्याबाहेर. १९९६ च्या एका सुट्टीत मार्क समनर नावाच्या डिस्नेच्याच इंजिनियरनं घरी, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्यातून एक नमुना जोडला: सगळ्यांना जमिनीवरच तीन रांगांत बसवायचं आणि मग खुर्च्यांसकट वर उचलायचं. सुटला प्रश्न! म्हणजे कंपनीतल्या माणसानं घरी बसून पट्ट्या आणि स्क्रू जुळवले तर ते संशोधन, आणि आमच्या भाच्यानं जुळवले तर रिकामटेकडेपणा.

पण माझा खरा राग यासाठी नाही. खरा राग यतीसाठी आहे.

फ्लोरिडातल्याच ॲनिमल किंगडम या पार्कात २००६ साली डिस्नेनं हिमालय उभा केला. आपला हिमालय! उंची दोनशे फुटांच्या जरा आत ठेवली, कारण दोनशे फुटांवर विमानांसाठी लाल दिवा लावावा लागतो आणि हिमशिखरावर लाल दिवा शोभत नाही. आतून आगगाडीचा कोस्टर धावतो आणि शेवटी यती समोर येतो. पंचवीस फुटी, यंत्रानं हालणारा, अंगावर झेप घेणारा. उद्घाटनाच्या वेळी तो तसा होता. थोड्याच काळात त्याची हालचाल बंद पडली. मग काय केलं? तो जागच्या जागी थिजवून त्याच्यावर लुकलुकणारा झोतदिवा सोडला, म्हणजे तो हालतोय असं वाटावं. वर्षानुवर्षं हेच चाललं. गाडीतले बसणारे ओरडत आले, ओरडत गेले, बाहेर येऊन टोप्या विकत घेत राहिले. यती लटका आहे, ही बोंब कुणी मारली? बघणाऱ्यांनी. त्याचे हात कसे हालायला हवेत हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी. त्यांनीच त्याला 'डिस्को यती' असं नाव ठेवलं. मेहुणे लोकांच्या हाती ठेवाल तर उद्या यतीच्या जागी घोंगडं टांगून दिवा लुकलुकवतील आणि हे त्यालाही ओरडतील.

जमातीत दोष नाहीत असं नाही. अंदाजपंचे दाहोदरसे ठोकायचं आणि छापील सत्य असल्यासारखं सांगायचं, ही खोड आहेच. पेटंट घेतलेली प्रत्येक गोष्ट बांधली जात नाही, हे ते सोयीस्कर विसरतात. आणि आपण तर्क केला त्याहून वेगळं काही निघालं, की कंपनीनं घोटाळा केला म्हणून फुरंगटून बसतात. लग्नाला जाऊन, मेनू आपण सांगितला तो नव्हता म्हणून उपाशी परत येणाऱ्या व्याह्यासारखं.

तरीही मी त्यांच्याच बाजूचा. आपल्या जत्रेत पाळणा उभा राहत असतो ना, तेव्हा जाऊन बघा. तिथं पेटंटचे कागद नसतात, एक माणूस असतो आणि त्याच्या हातात पाना असतो. भोवती पाच-सहा पोरं तोंड उघडं टाकून उभी असतात. त्यातलं एखादं विचारतं, "काका, ही पिन कशाला?" तेवढ्यात मागून कुणीतरी मोठं माणूस त्याचं बखोट धरतं. "चल पुढं! रात्री बसायचंच आहे ना त्यात?"

अरे, रात्री बसायचं आहे म्हणूनच विचारतंय ते!

हे सगळं मी परवा मेहुण्यांना ऐकवलं. वटवाघूळ, काच, यती, सगळं. ते शांतपणे सुपारी कातरत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "ते सगळं राहू दे, भाऊजी. दार टांगायचं म्हणता, तर चौकटीसकट टांगणार का नुसतं फळकूट? कारण नुसतं फळकूट असेल तर बिजागरीच्या बाजूला वजन जास्त येणार. भाच्याला फोन लावा बरं जरा."