हयातीतच दिलेले बरे

दिवाळीच्या फराळासमोर मिळकतीचा विषय काढणे शिष्टसंमत नव्हे, हे आम्ही जाणतो. पण घरची सारी माणसे एका पंगतीला बसतात ती याच दिवसांत. म्हणून वाचकहो, आज तोच विषय.

परवा तलासरीकडचे एक वारली गृहस्थ भेटले. बायको वारलेली, मुलगा नाही. एक विधवा मुलगी पदरी. भाताची शेती तीच कसते. "माझ्या माघारी पुतणे तिला बांधावर उभी राहू देणार नाहीत. कोर्टाची पायरी न चढता जमीन तिच्या नावे होईल का?" असा त्यांचा सवाल.

त्यांची धास्ती पोकळ नव्हती. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सांगितले की, मुलींना वगळण्याची रूढी सिद्ध झाली नाही तर त्यांना समान वाटा द्यावा. निवाडा चांगला; पण तिथवर पोचायचे म्हणजे कोर्ट आलेच.

ते टाळण्याचा मार्ग म्हणजे बक्षीसपत्र. दोन साक्षीदार, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याने केलेला स्वीकार, एवढे झाले की ते पक्के. प्रोबेटचा प्रश्नच उद्भवत नाही. तो मृत्युपत्राचा मामला, आणि त्याची सक्तीही मुख्यतः मुंबईसारख्या शहरांच्या जुन्या हद्दीपुरती होती. मुलीला शेतजमीन दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक अवघा २०० रुपयांचा. इतर आकार वेगळा. मुलगी आदिवासीच, तेव्हा बिगर आदिवासींना जमीन देण्यावरचा निर्बंध आड येत नाही; तरी आदिवासीची जमीन आदिवासीला देतानाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते का, ते आधी विचारून घ्यावे. बिगर आदिवासी माणसाला द्यायची असती तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागलीच असती. तिथे 'बक्षीस' या नावाने सुटका नाही.

मग आम्ही त्यांचे कागद पाहिले. डहाणू-तलासरीत खरी मेख इथेच असते. सातबारावर भाऊबंदांची सामाईक नावे असतील तर आपल्या हिश्शापलीकडे देता येत नाही. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीच्या हस्तांतरणावर अटी आहेत. आणि वनहक्काचा पट्टा २००६ च्या कायद्याप्रमाणे विकताही येत नाही, बक्षीसही देता येत नाही; तो केवळ वारसाहक्काने जातो. थेट वारस नसेल तरच तो जवळच्या नातलगाकडे वळतो.

या गृहस्थांचे दोन तुकडे निघाले. भाताचे शेत एकट्याच्या नावचे, खालसा. त्याचे बक्षीसपत्र होईल. डोंगराकडचा वनपट्टा आहे तसाच राहील. त्याची थेट वारस मुलगीच.

एक सावधगिरी मात्र सांगितली. बक्षीस दिले की मन फिरले म्हणून परत घेता येत नाही. म्हणून हयातभर शेताचे उत्पन्न आपल्याकडे राहील, आणि मुलीने आपला सांभाळ करावा, असे दस्तातच लिहावे. सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दाद मागता येते. वयाची साठ वर्षे मात्र पुरी हवीत.

"पोटच्या पोरीला अट कशी घालू?" म्हणून ते ओशाळले.

आम्ही म्हटले, "घाला. उद्या कोणी तिच्याकडून जमीन काढू पाहिले, तर हीच अट तिच्या कामी येईल."

त्यांनी कागद पुन्हा फडक्यात बांधले. वाघबारस झाली की मुलीला घेऊन कचेरीत जातो, म्हणाले.