खुर्चीवर बसलेली सून



सणावारांवर आपण आजवर पुष्कळ लिहिले आहे. देव पुरुषांनी पुजायचा आणि त्याचा नैवेद्य बायकांनी रांधायचा, सण संपला की घर कौतुकाने तृप्त आणि बाई अंथरुणाला खिळलेली, हे आपण शिबिरांतून, पथनाट्यांतून आणि याच पानावरून मांडत आलो. त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. तरीही या अंकाचे संपादकीय एका सणात मला मिळालेल्या आनंदाविषयी आहे. मी आजारी आहे, मी सून आहे आणि गौरी-गणपतीचे सात दिवस सासरी राहून मी मजेत परत आले, या तीन गोष्टी एका वाक्यात सहसा येत नाहीत. त्या कशा आल्या, आणि त्यासाठी कुणाला काय करावे लागले, हे तुमच्यापुढे ठेवावेसे वाटते.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. (एम.एस.डब्ल्यू. ही माझी पदवी. त्यातला डब्ल्यू गळला की आजाराचे नाव उरते, हा विनोद मी स्वतःच आधी करून टाकते.) या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरचे वेष्टण सोलले गेले की प्रवाह नीट पोहोचत नाही, तसे मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत अडखळत पोहोचतात. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो. म्हणजे लग्न, बाळंतपण, नोकरी या सगळ्याच्या ऐन भरात. औषधांनी त्याची चाल मंदावते, आजार जात नाही. मला एकोणतिसाव्या वर्षी निदान झाले, त्याला आता आठ वर्षे झाली. उजवा पाय ओढत चालते, बोटांची टोके बधिर आहेत आणि दुपारी बारानंतर असा थकवा येतो की त्याला थकवा म्हणणेही अपुरे वाटते. उष्म्याने तर सगळी लक्षणे काही काळ वाढतात. १८९० मध्ये उह्टॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने श्रमानंतर अशा रुग्णांची नजर अंधुक होते असे नोंदवले होते. त्याला भाद्रपदातले कोकणातले स्वयंपाकघर दाखवायला हवे होते.

यातले बरेचसे बाहेरून दिसत नाही. "दिसता तर बरी, मगे झाला काय?" हा प्रश्न सासरच्या वाडीत मला पहिली तीन वर्षे दर गणपतीला विचारला गेला. काठी हातात आली तेव्हा तो थांबला. काठीने एवढे तरी केले.

आमचे मूळ घर सिंधुदुर्गात आहे. भाऊकीचा एकच गणपती, त्यामुळे सणाला पुणे, डोंबिवली, कोल्हापूर इथून सगळे येतात. यंदा सव्वीस माणसे होती. पहाटेपासून उकडीचे मोदक, घावने, खीर, पाच भाज्या. ऋषिपंचमीची वेगळी भाजी. गौरीचा वेगळा स्वयंपाक. आणि रात्री घरोघर फिरणारी भजनी मंडळे आली की त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा, मग मध्यरात्र झाली तरी चालेल. पाणी विहिरीचे. पंप आहे, पण नेमका सणात बिघडतो. अशा घरात सुनेचे शरीर म्हणजे एक चालते साधन. ते बिघडले तर दोनच रस्ते उरतात. एक, आजार लपवून उभे राहायचे आणि परत गेल्यावर महिनाभर त्याची किंमत मोजायची. दुसरा, माजघरातल्या खाटेवर पेशंट होऊन पडायचे; लोक येऊन हळहळतात आणि पलीकडे हशा पिकला की आपण भिंतीकडे तोंड करून ऐकतो. कामाच्या निमित्ताने मी अनेक घरांत जाते, संधिवाताच्या, पार्किन्सनच्या, स्नायूंच्या आजाराच्या बायकांशी बोलते. सणाचा विषय काढला की बहुतेकजणी या दोहोंपैकी एकच काहीतरी सांगतात.

काही वर्षांपूर्वी मी काठी घेऊन गेले तेव्हा घराने मला प्रेमाने बसवले. "जमात तेवढाच कर गो," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या मनापासूनच म्हणाल्या. शेवटच्या दिवशी पातेली घासता घासता धाकट्या जाऊबाई मला म्हणाल्या, "ताई, तुम्हाला बसवलं हे चांगलंच झालं. पण तुमचं काम काही बसलं नाही. ते माझ्याकडे आलं."

आपल्या कित्येक परिसंवादांत जे सापडले नाही ते या एका वाक्यात आहे. आजारी बाईला विश्रांती देणारे कुटुंब आपल्याला चांगले वाटते, आणि ते चांगले असतेही. पण ती विश्रांती कुणाच्या अंगावरून येते हे क्वचितच कुणी विचारते. ती घरातल्या दुसऱ्या बाईच्या अंगावरून येत असेल, तर बसलेली बाई सुखाने बसू शकत नाही आणि उभी असलेली तिच्याशी सुखाने बोलू शकत नाही. अशाने दोन जावांमध्ये जे धुमसत राहते त्याला मग सगळे जग 'बायकांचा स्वभाव' म्हणते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे दिसले. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. एक बाई आजारी पडली की ती मिनिटे त्या ९७ कडे जात नाहीत. ती पलीकडच्या २९९ मध्ये जाऊन पडतात.

पुढच्या वर्षी आम्ही जावांनी सणाच्या दोन महिने आधी फोनवर बसून एक यादी केली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कामे लिहिली, अगदी निरांजने घासण्यापर्यंत, आणि प्रत्येकापुढे नाव घातले. नारळ खोवणे, जेवणावळीची भांडी, पाणी भरणे आणि भजनाचा रात्रीचा चहा यांपुढे पुरुषांची नावे लिहिली. थोरल्या दिरांनी सोवळ्याचा मुद्दा काढला. नैवेद्याच्या नारळाला आमचा हात कशाला, असे त्यांचे म्हणणे. त्यावर सासूबाईंनी विचारले, "भटजीचो हात देवाक चलता, तुझो नारळाक कित्याक नाय?" हा प्रश्न आम्ही कुणी विचारला असता तर वाद झाला असता. त्यांनी विचारला म्हणून हशा झाला आणि विषय मिटला.

यंदा या यादीचे दुसरे वर्ष. सगळे आदर्श झाले असे मी सांगणार नाही. धाकट्या दिरांनी सातही दिवस भांडी घासली. माझ्या नवऱ्याने नारळ खोवले. पहिल्या दिवशी बोट कापून घेतले आणि त्याची सगळ्या घराकडून शुश्रूषा करून घेतली. (विळीवर बोट कापणाऱ्या बायकांना हळद दाबून पुढचा नारळ घ्यायची सवय असते.) थोरले दीर दोन दिवस पाणी भरून तिसऱ्या दिवशी भजनी मंडळासोबत जे गेले ते विसर्जनालाच उगवले. आणि थोरल्या जाऊबाई, ज्या बारा महिने गावीच राहून ते घर चालवतात, त्यांच्या डोक्यातली यादी काही कागदावर उतरली नाही: तांदूळ किती भिजवायचे, कुणाचा उपास आहे, नणंदेच्या मुलाला कशाने खाज सुटते. ते काम अजून त्यांचेच आहे. पण स्वयंपाकघरातून निदान दोन बायका दुपारी तासभर आडव्या होऊ शकल्या, त्यांत मी एकटी नव्हते.

आता मजेविषयी. माझ्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी, वारा येईल तिथे, एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मोदकाच्या कळ्या आता माझ्या बोटांना जमत नाहीत, पारी हातात असल्याचेच नीट कळत नाही. म्हणून मी सारणाचे गोळे मोजून द्यायचे आणि कुणाचा मोदक सर्वांत वेडावाकडा झाला ते ठरवायचे, हे परीक्षकाचे काम माझ्याकडे आले. नवव्या वर्षाच्या पुतणीने पहिल्यांदा अकरा कळ्यांचा मोदक केला तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपून उठून आले तर खुर्चीवर सासूबाई बसलेल्या. मला बघून त्या घाईने उठू लागल्या. मी म्हटले, "आई, बसा." त्या बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की या घरात येऊन पन्नास वर्षे झाली, गुडघे पंधरा वर्षे दुखताहेत, पण स्वयंपाकघरात खुर्ची मागावी असे कधी सुचलेच नाही. चौथ्या दिवशी तिथे चार खुर्च्या होत्या. एकीवर कोल्हापूरची चुलत सासू, पाठीचे दुखणे. एकीवर सात महिन्यांची गरोदर भाची. ओळीने बसून भाज्या चिरल्या जात होत्या आणि ज्या गप्पा रंगल्या त्या इथे छापण्यासारख्या नाहीत.

गौरीच्या रात्री अंगणात फुगड्या झाल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी तीन घरांच्या बायकांना दमवले होते, हे वाडीत अजून लक्षात आहे. यंदा मी ओट्यावर बसून गाणी सांगत होते. गाणी मला सगळ्यांपेक्षा जास्त येतात आणि आवाजाला अजून काही झालेले नाही. अंगणात घाम गाळणाऱ्यांच्या पायांचा ठेका मी सांगेन तसा बदलत होता. रात्री दोन वाजेपर्यंत मी जागी होते, दुसरा सगळा दिवस झोपून काढला, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाचताना हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण जिचा प्रत्येक तास मोजून खर्च होतो तिला आपले तास कशावर उधळायचे हे स्वतः ठरवता येणे फार मोठी गोष्ट असते. 'तुला झेपणार नाही' म्हणून मायेने झोपायला पाठवणारी माणसे हाच अधिकार काढून घेतात.

विसर्जनाला व्हाळावर जायची पायवाट उताराची आणि निसरडी आहे. मागच्या वर्षी मी काठीने उतरले होते, यंदा शक्य नव्हते. दोन पुतणे खुर्चीसकट उचलून न्यायला तयार झाले. मी नको म्हटले. उचलणे प्रेमाचेच असते, पण बाईला उचलताना कुठे कुठे धरले जाते हे तिचे तिलाच ठाऊक असते, आणि नको म्हणण्याचा तिचा हक्क आजाराने संपत नाही. मग रिक्षा करून मी, सासूबाई आणि गरोदर भाची रस्त्यावरच्या पुलापर्यंत गेलो आणि वरून पाहिले. खाली सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत होते. लवकर की उशिरा हे अधिकमासावर अवलंबून असते आणि पंचांगात ते आधीच छापलेले असते. माझ्या पायाचे तसे काही छापलेले नाही. पुढच्या वर्षी काठी असेल, वॉकर असेल की चाकांची खुर्ची, हे माझे डॉक्टरही सांगत नाहीत. रडू आले, हे खरे. पण पुलावर आम्ही तिघी होतो, आणि भाचीला तेवढ्यात भूक लागली.

हे वाचून कुणी म्हणेल, घर चांगले मिळाले. मिळाले, हे मी नाकारत नाही. माझी नोकरी आहे, नवऱ्याची आहे, औषधांचा खर्च कसाबसा निघतो. याच आजाराचे निदान झाल्यावर 'उपचार माहेरीच करा' म्हणून पाठवलेल्या आणि पुन्हा कधीही न बोलावलेल्या बायकांच्या केसेस मी हाताळल्या आहेत. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नव्हते. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि त्यात हे नाव आहे. (सरकार 'दिव्यांग' म्हणते. मला अपंग हा शब्द पुरेसा सरळ वाटतो.) पण बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ज्या आजारात आज चालता येते आणि पंधरा दिवसांनी येत नाही त्याचे टक्के एका तपासणीत कसे ठरवायचे? जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलेला आहे. तो प्रत्यक्ष आणि पुरेसा मिळावा ही मागणी आपल्या संघटनांच्या मागणीपत्रांत ठळकपणे असायला हवी. कारण तो मिळत नाही तोवर काळजीवाहक म्हणजे घरातली धाकटी जाऊ.

आणि आपल्या घरातलेही बघू. आपली शिबिरे सतरंजीवर होतात, सकाळी नऊला सुरू होऊन रात्रीच्या गाण्यांपर्यंत चालतात, सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि संडास मागच्या अंगणात असतो. मी या सगळ्यात वाढले आणि मला ते प्रिय आहे. पण गेल्या दोन वर्षांत किती जुन्या कार्यकर्त्या येईनाशा झाल्या, आणि त्यांतल्या कितीजणींचे कारण गुडघे होते, हे पुढच्या बैठकीत एकदा नावे घेऊन मोजू या. नोंदणीच्या फॉर्मवर जेवणाच्या सवयी विचारतो त्याखाली एक रकाना वाढवायला खर्च येत नाही.

गावी न्हाणीघरात धरायला दांडी बसवायचे दिवाळीच्या सुट्टीत ठरले आहे. उंची सासूबाईंच्या आणि माझ्या, दोघींच्या मापाने घ्यायची. यादीचा नवा कागद आत्ताच भिंतीवर लागला आहे आणि त्यावर धाकट्या जाऊबाईंनी सर्वांत वर एक ओळ लिहून टाकली आहे: विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी माहेरी, चार दिवस, मागची आवराआवर ज्यांनी भजने केली त्यांनी करावी.