उपग्रह इंटरनेटची कसोटी छपरावरच्या अँटेनावर

महाराष्ट्र शासनाने 5 नोव्हेंबर 2025 रोजी अमेरिकेच्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव या जिल्ह्यांतील दुर्गम भागांना उपग्रहाद्वारे इंटरनेट पुरविण्याचा हा प्रस्ताव आहे. चर्चा झाली ती प्रामुख्याने अवकाशातील उपग्रहांची. परंतु योजनेचे यशापयश ठरणार आहे ते शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या छपरावर बसणाऱ्या अँटेनावर.

दूरचित्रवाणीची तबकडी एकदा रोखली की हलवावी लागत नाही. तिचा उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवर पृथ्वीच्या परिवलनाशी गती जुळवून फिरत असतो. निम्न कक्षेतील उपग्रह मात्र साधारण 550 किलोमीटर उंचीवरून ताशी 27 हजार किलोमीटर वेगाने धावतो आणि काही मिनिटांत दृष्टिआड होतो. अंतर कमी असल्याने संदेश लवकर पोहोचतो, पण अँटेनाला सतत नवा उपग्रह गाठावा लागतो. त्यासाठी एका सपाट पाटीवर हजारभर सूक्ष्म अँटेना बसवून प्रत्येकाच्या लहरी किंचित मागेपुढे केल्या जातात. पाटी जागीच राहते, लहरींचा झोत तेवढा वळतो. लष्करी रडारमधील हे तंत्र स्वस्त करणे सोपे नव्हे. प्रारंभी 499 डॉलरला विकल्या जाणाऱ्या संचाचा उत्पादनखर्च सुमारे 3 हजार डॉलर होता, असे कंपनीनेच 2021 मध्ये सांगितले होते.

राज्याला हा विषय अगदीच परका नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ 22 जून 2016 रोजी प्रक्षेपित झाला. वीज खर्च न करता, चुंबकाच्या साह्याने दिशा राखण्याचा तो प्रयोग होता. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ कक्षेत गेला. आयनांबरातून येताना त्याच्या रेडिओलहरी किती वळतात, यावरून तेथील इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजण्याचा त्याचा उद्देश होता. पुढे 2022 आणि 2023 मध्ये इस्रोने वनवेब कंपनीचे 72 उपग्रह अवकाशात सोडले. प्रक्षेपणात आपण इतके पुढे गेलो असताना, गावोगावी लागणारा अँटेना देशातच घडविण्याचा आग्रह शासनाने आताच धरावयास हवा.

जागेची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. या अँटेनाला मोकळे आकाश लागते, आणि गडचिरोलीत दाट अरण्य आहे. दहा गिगाहर्ट्झवरील लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. शिवाय संचाला 75 ते 100 वॅट वीज अखंड हवी. जेथे वीजच बेभरवशाची, तेथे सौर पॅनेल व बॅटरीचा खर्च कोणी सोसावयाचा, हे करार अंतिम होण्यापूर्वी स्पष्ट व्हायला हवे.